वत्सलामावशीची बादली

वत्सलामावशीला एखाद्या माणसाची किळस आली की ती भांडत नसे. बोलणं अर्धवट सोडून उठायची आणि नळावर जाऊन हात धुवून यायची. शर्यत समितीच्या पहिल्याच बैठकीत तिने तीनदा हात धुतले, तेव्हाच ही बाई मला आवडली.

ती भिवापूरची. वरातीला घोड्या देण्याचा नवऱ्याचा धंदा त्याच्यामागे तिने सांभाळला, आणि त्याच घोड्या आसपासच्या शर्यतींत उतरवल्या. मी शाळामास्तर, शर्यतीत माइकवर बोलणारा. समितीत ती एकटी बाई आणि घोड्यांविषयी बोलणारीही एकटीच. बाकीच्यांचं सगळं लक्ष मंडप, फेटे आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर.

तिचं मागणं फार नव्हतं. शर्यती उजाडताच सुरू करा, ऊन तापायच्या आत फायनल संपवा. पारशिवनीची आणि भिवापूरची शर्यत लागोपाठच्या दिवशी ठेवू नका, टेम्पोत रात्रभर हिंदकळत आलेली घोडी सकाळी काय पळणार? आमचे अध्यक्ष म्हणजे गावातले एक कंत्राटदार. ते मान डोलवायचे आणि कार्यक्रम छापायचे तो नागपूरच्या पुढारीसाहेबांच्या सोयीने. साहेबांना शनिवार-रविवारात दोन्ही गावं उरकायची असत.

"मास्तर," मावशी म्हणायची, "माणूस उन्हात उभा राह्यला तं शिव्या देते. घोडी काय देईन? ते मरूनच दाखवते." हे ती उगाच म्हणत नव्हती. तिची राणी नावाची घोडी अशीच साहेबांची वाट पाहत मैदानात बसली, ती उठलीच नाही. समितीने दोन मिनिटं शांतता पाळली आणि बँड पुन्हा सुरू केला. आजही ते आठवलं की माझं तोंड कडू होतं.

पुढच्या वर्षी तिची लाली फायनलला आली. साहेब पोचले नव्हते, म्हणून फायनल थांबली. ऊन डोक्यावर आलं. पळायच्या आधी घोडीला पोटभर पाणी देत नाहीत, त्यामुळे सगळ्या घोड्या कोरड्या तोंडाने उभ्या. लालीचे पाय थरथरू लागले तशी मावशी अध्यक्षांकडे गेली. फायनल आत्ता काढा, बक्षीस मागाहून द्या, एवढंच म्हणाली. अध्यक्ष मंडपात ताक पीत होते.

"मावशी, साहेब येऊन राहिले ना. फायनलच नाही पाह्यली तं त्यायले मजा काय येईन?"

मावशीने लालीचं खोगीर उतरवलं, बादली भरून आणली आणि सगळ्यांसमोर तिच्यापुढे ठेवली. कप गेला, हे मैदानातल्या प्रत्येकाला कळलं. लालीने बादली रिकामी केली. मग शेजारच्या घोडीवाल्याने ती बादली मागून घेतली, त्याच्याकडून पुढच्याने. साहेब आले तेव्हा पळण्याजोगी एकच घोडी उरली होती, अध्यक्षांच्या भाच्याची. ती एकटी धावली, पहिली आली, आणि साहेबांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. विजेत्याचं नाव पुकारायला मला सांगितलं, तेव्हा मी माइक खाली ठेवला. इतका निर्लज्जपणा मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

समितीने मावशीला काढून टाकलं. पुढे ती आजारी पडून नागपूरला धंतोलीतल्या दवाखान्यात होती, तेव्हा अध्यक्ष सफरचंदं घेऊन आले. लालीशिवाय गर्दी जमत नाही, यंदा तिला पाठवा, म्हणाले. मी तिथेच बसलो होतो.

"फायनल किती वाजता हाय गा?" मावशीने विचारलं.

"साहेबाचा टाइम अजून आला नाही."

तिने भिंतीकडे कूस वळवली. आठवड्याभरात ती गेली.

श्रद्धांजलीची सभाही समितीनेच घेतली, त्याच मैदानात. सभा सकाळची होती. दुपार झाली तरी सुरू होईना. खुर्चीवर ठेवलेल्या मावशीच्या फोटोवर ऊन आलं, हारातली फुलं मलूल झाली. अध्यक्ष माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "मास्तर, थोडं थांबा, साहेबानं उमरेड सोडलं."

मागे बसलेले घोडीवाले एकेक करून उठू लागले. मी मावशीचा फोटो उचलला आणि त्यांच्याबरोबर चालू लागलो.