खोट्या डब्याची आठवण

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजी, दुपारी काय करतेस? मी म्हटलं, बूटलोडरची चाचणी घेते. त्यावर तुमच्यापैकी मोठा, जो कॉम्प्युटर शिकतो, इतका हसला की त्याच्या हातातून फोन पडला आणि मला बराच वेळ तुमच्या खोलीचं छत दिसत राहिलं. छताच्या कोपऱ्यात जाळं आहे, ते काढा. हसून झालं असेल तर आता नीट सांगते.

आपल्या शहाद्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर माझी एक जुनी विद्यार्थिनी काम करायला येते. लोणखेड्याच्या कॉलेजात मी तिला इंग्रजी शिकवलं, त्यामुळे अजून मला मॅडम म्हणते आणि तुमच्या आजोबांना दादा. तिचं माहेर बाजारपेठेत. खाली वडिलांचं पाइप, पंप आणि नटबोल्टचं दुकान, वर भावांचे संसार. तिथे लॅपटॉप उघडला की कोणीतरी त्याच्यावर बाळ ठेवून जातं. म्हणून ती आपल्याकडे येते. नवरा सुरतेला कापडाच्या दुकानात आहे, रविवारी येतो. मुलगी इथल्या शाळेत पहिलीत आहे आणि नानीच्या लाडात पुरती वाया गेलेली आहे.

तिची कंपनी बेंगळुरूची. शेतातल्या पंपांसाठी कंपनी एक डबा बनवते. स्टार्टरशेजारी डबा लावायचा आणि घरी बसून फोनवरून पंप चालू-बंद करायचा. या वर्षी कंपनीने सगळ्यांना ऑफिसात परत बोलावलं. हिने हातापाया पडून एक सवलत मिळवली: डब्याचं तिच्याकडचं काम इथल्या शेतात बिनचूक चालून दाखवलं तर इथूनच काम करायचं, नाहीतर सामान बांधायचं. म्हणजे नवरा सुरतेला, ही बेंगळुरूला, मुलगी नानीकडे. एक संसार, तीन गावं. तिला ते नको होतं. मलाही नको होतं, कारण दुपारी माझ्याशी वाद घालू शकेल असं माणूस या गल्लीत दुसरं नाही. तुमचे आजोबा वाद घालत नाहीत, झोपतात.

आता बूटलोडर. डब्यात एक छोटा कॉम्प्युटर असतो. लाईट आली की त्याच्यातला एक लहानसा प्रोग्राम आधी जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. तो बूटलोडर, आणि तो लिहिण्याचं काम तिच्याकडे. मी हे आजोबांच्या सकाळवरून समजून घेतलं. सकाळी त्यांचा हात आधी चष्मा शोधतो, मग दात, मग ते मला आजचा वार विचारतात आणि त्यानंतर कुठे संपूर्ण माणूस चालू होतो. चष्म्यापासून वारापर्यंतचा भाग म्हणजे बूटलोडर. तिला ही व्याख्या फार आवडली. ती तिने कंपनीतही सांगितली असं मला नंतर कळलं. आजोबांना अजून कळलेलं नाही.

बेंगळुरूहून डब्याला कधीकधी नवा प्रोग्राम पाठवतात. तो खराब निघाला, तर बूटलोडरने तीनदा प्रयत्न करून बघायचा आणि मग निमूटपणे जुना, चांगला प्रोग्राम चालू करायचा. अट एवढीच की किती प्रयत्न झाले हे त्याच्या लक्षात राहिलं पाहिजे. सगळं रामायण या लक्षात राहण्याचं.

खऱ्या डब्यावर असले प्रयोग करत बसलो तर डबे संपतील. म्हणून तिच्या लॅपटॉपमध्ये एक खोटा डबा होता. लॅपटॉप आपणच डबा असल्याचं सोंग करतो. खरं काही नसतं, पण बूटलोडरला ते कळत नाही. खोटा डबा बंद करताना त्याच्या डोक्यात जे काही असेल ते सगळं एका फाईलमध्ये उतरतं. पुन्हा चालू केला की तो ती फाईल वाचतो आणि काल कुठे होतो हे त्याला आठवतं.

तिच्या मीटिंगा दुपारीच असत आणि मला दुपारी उद्योग हवा होता. काय टाइप करायचं ते तिने लिहून दिलं, मी खुर्ची ओढली. पहिल्याच दिवशी तिच्या फाईली पाहून मला घाम फुटला. एकीचं नाव फायनल, दुसरीचं नवी फायनल, तिसरीचं खरी फायनल. कालच्या चाचणीत डबा जे शिकला ते आजच्या चाचणीत तसंच शिल्लक. एक चाचणी दुसरीचं खरकटं खात होती.

मी तिला म्हटलं, "उष्ट्या ताटात आपण दुसऱ्याला वाढतो का?"

"नाही, मॅडम."

"मग याला का वाढतेस?"

तेव्हापासून एक कोरी फाईल बाजूला ठेवली. तिला कोणी हात लावायचा नाही. प्रत्येक चाचणीला तिची नवी नक्कल घ्यायची, चाचणी झाली की ती नक्कल फेकायची. दुसरा नियम बंद करण्याचा. ती आधी वैतागली की खोटा डबा मधेच ठार मारायची, पडद्यावरच्या फुलीला टिचकी मारून. या घरात गॅस, नळ, इस्त्री, जे उघडलं ते रीतसर बंद करून उठायचं असतं, तुम्हाला माहीतच आहे. मी तिला शिस्त लावली. चाचणीत जिथे जिथे 'लाईट गेली' असं लिहिलं होतं तिथे आम्ही डबा बंद करण्याची आज्ञा टाइप करायचो, डबा सगळं फाईलमध्ये उतरवायचा, निरोप घ्यायचा आणि मगच जायचा. तोच डबा पुन्हा चालू केला की त्याला सगळे प्रयत्न आठवत. चाचण्या एकामागून एक पास, म्हणजे पडद्यावर हिरव्या, होऊ लागल्या. मला थोडा गर्व झाला. थोडा म्हणजे, मी भाजीवाल्यालाही सांगितलं.

मग बेंगळुरूहून खरा डबा आला. तापीकाठच्या प्रकाशा गावातल्या आपल्या पपईच्या शेतात, विहिरीवरच्या स्टार्टरशेजारी तो लावला. ती, मी आणि आजोबा बांधावर उभे, आणि तिचा साहेब फोनच्या पडद्यात. त्याने मुद्दाम एक खराब प्रोग्राम पाठवला. आता डब्याने तीनदा झटायचं, मग जुन्यावर यायचं, की पंप सुरू.

शेतातली लाईट पाळीने येते आणि येते ती सरळ येत नाही, हे तुम्ही लहानपणी पाहिलंय. आली, गेली, आली, गेली, असे डोळे मिचकावत येते आणि मग टिकते. त्या दिवशी तर जरा जास्तच मिचकावले. डबा प्रत्येक वेळी जागा व्हायचा, खराब प्रोग्राम हातात घ्यायचा, अडकायचा, तोवर लाईट गेलेली. पुढच्या खेपेला तेच. पंप गप्प. साहेबाने विचारलं, तुमच्याकडे वीज स्थिर आहे ना? आजोबांनी आयुष्यभर वीज खात्यात नोकरी केली. त्यांना इतकं हसू आलं की ते पपईच्या झाडाला धरून उभे राहिले.

साहेब सभ्य होता. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बघ, नाहीतर ऑफिसात येऊनच हे काम पूर्ण करू. शब्द गोड होते, पण अर्थ स्पष्ट होता. परत येताना तिने तापीच्या पुलापाशी गाडी थांबवायला लावली, भजी घेतली आणि एकटीने सगळी खाल्ली. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. यावरून मला कळलं की तिने मनातल्या मनात सामान बांधायला घेतलंय.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खोट्या डब्यावर तीच चाचणी पुन्हा घेतली. हिरवी. पुन्हा घेतली. हिरवी. कोरी फाईल, नवी नक्कल, रीतसर बंद, रीतसर चालू. शेतात जो विसरभोळा होता तो घरात पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा. तिला खऱ्या डब्यातली चिपच खराब वाटू लागली. मला साहेब खराब वाटू लागला.

आजोबा जिन्यात येऊन टोमणे मारायचे. "काय, पास व्हयना का तुमना पोऱ्या?"

"पास शे दादा," ती म्हणायची, "फक्त खेतमा नापास होस."

"मंग खेतमा नका धाडू त्याले. मास्तर करी टाका."

हा टोमणा मला होता.

एका दुपारी ती वर काम करत होती. मी खाली लसूण सोलत होते. अचानक पंखा बंद पडला आणि वरून तिचा आवाज आला, "दादा, लाईट गई का?"

"गई नही. मी काढी," आजोबा स्टुलावरून म्हणाले. त्यांनी मेन स्विच पाडून ट्यूब बदलायला घेतली होती. "ट्यूब बदली ऱ्हायनू."

तिच्या लॅपटॉपची बॅटरी कधीची मेलेली. वायर लावली तरच तो चालतो. "अहो दादा, मन्हा लॅपटॉप बंद पडना. सांगीसन काढता येत नही का?"

"लाईट कधी सांगीसन जास का?" आजोबा म्हणाले. "मी नोकरीमा व्हतू तवय बी कोणले सांगं नही."

वर खुर्ची जोरात सरकली. मला वाटलं आता भांडायला येते. लसूण टाकून मी जिन्यापाशी गेले तर ती अर्ध्या जिन्यात उभी, एका पायात चप्पल.

"मॅडम," ती म्हणाली, "आपण डब्याला दर वेळी सांगून मारतो."

"म्हणजे?"

"बंद करायची आज्ञा देतो. मग तो सगळं फाईलमध्ये लिहितो, मग जातो. प्रयत्न किती झाले तेही तो जातानाच लिहितो. शेतात त्याला जाताना लिहायला वेळ कुठे मिळतो? लाईट गेली की तो जागच्या जागी मेला. उठला की त्याच्या हिशेबाने पहिलाच प्रयत्न."

"मग दर वेळी पहिलाच."

"दर वेळी पहिलाच. जन्मभर."

आजोबा स्टुलावर ट्यूब हातात घेऊन ऐकत होते. त्यांना एवढंच कळलं की त्यांच्या हातून काहीतरी चांगलं घडलंय आणि ते लगेच खाली उतरले. ट्यूब तशीच राहिली.

लाईट आल्यावर तिने खोटा डबा उघडून पाहिला. मेन स्विच पडला तेव्हा डब्याचे लागोपाठ दोन प्रयत्न झाले होते. डब्याच्या मते शून्य. इतके दिवस आम्ही ज्याला लाईट जाणं म्हणत होतो ते पाहुण्याचं जाणं होतं, उंबऱ्यात उभं राहून पुन्हा या, पुन्हा या म्हणत. डोळे मिचकावणाऱ्या लाईटसमोर माझी शिस्त काय कामाची. मी माफी मागितली नाही. शिस्त बरोबरच होती, फक्त बंद करण्याची बाकीच्या घरासाठी आणि कोऱ्या फाईलची डब्यासाठी. ती कोरी फाईल नसती तर शून्य खरं की जुन्या उष्ट्यातलं, हे कळलं असतं का? हे मी तिच्याकडून कबूल करून घेतलं.

दुरुस्ती लहान होती. आकडा जाताना लिहायचा नाही, प्रयत्नाला हात घालण्याआधी लिहायचा, आणि तेव्हाच्या तेव्हा पक्का. मग मेला तरी हरकत नाही. चाचण्या मात्र सगळ्या नव्याने लिहाव्या लागल्या. आता प्रत्येक चाचणीत डब्याला मधेच, न सांगता मारायचं. कधी सुरुवातीला, कधी आकडा लिहिता लिहिता. यासाठी संगणकात एक साधी आज्ञा आहे. पण आजोबांना हे काम स्विचनेच करायचं होतं. तिने सांगून पाहिलं की दादा, गरज नाही. ते म्हणाले, तुम्हाला अनुभव नाही. शेवटी त्यांच्या समाधानासाठी रोज चहाआधी एक चाचणी आजोबांच्या स्विचने व्हायची. फ्रिजचं काय होईल हा माझा प्रश्न कोणी विचारात घेतला नाही.

महिना संपायच्या आत आम्ही पुन्हा प्रकाशाला गेलो. साहेब पडद्यात, खराब प्रोग्राम डब्यात. लाईट आली, गेली. आली, गेली. आली, गेली. ती डब्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. पुन्हा आली, या खेपेला टिकली, आणि काही क्षणांनी विहिरीतून पंपाचा आवाज आला. पाइपाच्या तोंडाशी आधी हवा खाकरली, मग पाणी पडलं. साहेब काहीतरी बोलला, पण पाण्याच्या आवाजात कोणालाच ऐकू आलं नाही. तिने मान हलवली आणि फोन खिशात टाकला.

पुढच्या आठवड्यात मेल आली. तिने इथूनच काम करावं, शिवाय बाकीच्या डब्यांच्या चाचण्याही तिनेच लिहाव्यात. त्या रविवारी नवरा सुरतेहून घारी, म्हणजे तिथली तुपातली मिठाई, घेऊन आला. तिच्या वडिलांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, जे ते ईद सोडून करत नाहीत. सगळे आपल्या ओसरीत जमले. फक्त तिची मुलगी कोपऱ्यात तोंड फुगवून बसली होती. कोणीतरी तिला सांगितलं होतं की अम्मी बेंगळुरूला गेली तर तुलाही सुट्टीत विमानाने नेऊ. शाळेत तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आता अम्मी कुठेच जात नाही म्हटल्यावर विमानही नाही.

तिच्या आईने जवळ घेतलं, तिने ढकललं. नानीने घारी पुढे केली, तिने घारी खाल्ली आणि पुन्हा तोंड फुगवलं. मग आजोबांनी तोंड घातलं. "सारंगखेडानी जत्रामा तुले घोडावर बसाडसू. पांढरा घोडा."

तिने घारीचं बोट चाटलं.

"घोडा उडस का?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी घारीची बशी उचलून आत गेले.