चार बायका, एक रिंग आणि जागा नाही

आम्ही चौघी निपाणीत रिंग खेळायचो असं सांगितलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, "कुठं?" या एका शब्दाचं उत्तर द्यायला मला अख्खी दुपार लागते. कारण एक जागा कधी नव्हतीच. एकीकडून हाकललं की दुसरीकडं, आणि प्रत्येक ठिकाणचा एक किस्सा! तीन-चार वर्षांत ते इतके साठले की आता सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र नुसता संताप यायचा, आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. एकाच हायस्कुलात आम्ही चौघी नोकरीला. मी मराठी शिकवायची, हिरेमठ टीचर कन्नड. सुमनआक्का ऑफिसात क्लार्क, त्यांचं माहेर बेळगावजवळच्या वडगावच्या विणकरांचं. आणि विमल कांबळे, विज्ञान-गणिताची, आमच्यात सगळ्यात लहान. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या आईची ही मुलगी, बुद्धवस्तीतली पहिली बी.एस्सी. कॉलेजात असताना रिंगमध्ये युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये होती.

रिंग म्हणजे रबराची कडी. मधे जाळी बांधायची, कडी एका हातानं झेलायची आणि लगेच पलीकडं फेकायची. रॅकेट नको, बूट नकोत, पदर खोचला की झालं! नोकरी लागल्यावर हा खेळ सुटू नये एवढीच विमलची इच्छा होती. आणि तिच्या हातची सर्व्हिस पाहिल्यावर आमचीही तीच झाली. आम्ही ठरवलं, खेळायचं तर चौघींनी. जिथं तिघींनाच घेतील तिथं जायचं नाही.

*

सुरुवात शाळेतच केली. डिपार्टमेंटकडून खेळाचं सामान आलं होतं, त्यात दोन नव्याकोऱ्या रिंगा होत्या. हेडसरांनी त्या कपाटात घालून कुलूप लावलं.

मी मागायला गेले. सर म्हणाले, "बाई, इन्स्पेक्शनला दाखवायच्या आहेत. वापरल्या तर झिजतील!"

"आणि ग्राऊंड?"

"ग्राऊंडवर मुलं असतात. बायका पळताना दिसल्या तर शाळेच्या शिस्तीचं काय?"

वर्षभर रिंगा कपाटात. इन्स्पेक्शन आलं. साहेबांनी रिंग हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "अजून इतकी नवी कशी?"

हेडसर म्हणाले, "आमच्या मुली फार काळजीनं वापरतात, सर!"

शेरेबुकात शाळेचं कौतुक लिहिलं गेलं. आम्ही कोल्हापूरला जाऊन स्वतःच्या पैशानं रिंग आणि जाळी आणली.

*

मग एका तंबाखूच्या वखारीचं पटांगण मिळालं. रविवारी वखार बंद, मालक ओळखीचे, जमीन सपाट. आणखी काय पाहिजे?

पण तंबाखूची भुकटी त्या जमिनीत मुरलेली. पाय आपटला की धुरळा, धुरळा उडाला की शिंका! हिरेमठ टीचर स्कोअर सांगायच्या आणि प्रत्येक आकड्याला शिंकायच्या. शेवटी सुमनआक्का वैतागून म्हणाल्या, "टीचर, तुमी एक तर मोजा, न्हाय तर शिंका!"

तरी आम्ही जात होतो. चौथ्या रविवारी फाटकावर दिवाणजी उभे.

"मालक म्हणत्यात, बंद करा. बायकांनी असल्या उड्या मारणं बरं दिसत न्हाय."

त्याच पटांगणात आठवडाभर शेकडो बायका धुरळ्यात बसून तंबाखू चाळायच्या, पोती ओढायच्या. ते बरं दिसत होतं! मी भांडणार तेवढ्यात विमल पुढं झाली.

"दिवाणजी, माझी आई इथं पंधरा सालं वाकून काम करत हुती. तवा कुणाला दिसली न्हाय. मी एक उडी मारली की दिसली व्हय?"

दिवाणजींनी फाटक लावून घेतलं. आतून त्यांनाच शिंक आली.

*

सगळ्यात जास्त डोकं फिरलं ते क्लबात. गावातल्या बड्या मंडळींचा क्लब. सिमेंटचं कोर्ट, वर झाडांची सावली. सेक्रेटरी म्हणाले, "लेडीजना जरूर या म्हणावं. लेडीज टायमिंग दुपारी एक ते अडीच."

महिना मेचा! सिमेंटवर पापड भाजले असते. तरी आम्ही फॉर्म भरले, चार. पंधरा दिवसांनी तीन कार्डं आली. विमलच्या फॉर्मवर कमिटी 'विचार करत' होती.

कमिटीनं जूनमध्ये विचार केला, जुलैमध्ये केला. ऑगस्टमध्ये मी सेक्रेटरींना क्लबाच्या पायरीवरच गाठलं.

"कशाचा विचार चाललाय? तिचं नाव कांबळे आहे याचा?"

"छे छे! भलतंच काय बोलता? कांबळे बाई तर आम्हाला घरच्यासारख्या!"

"मग एकदा घरी चहाला बोलवा की!" मी म्हणाले.

ते चष्मा पुसायला लागले. आमची तीन कार्डं मी त्यांच्यासमोर फाडली आणि तिथून निघाले. हा टोला मी पुढं कितीतरी जणांना ऐकवला. स्टाफरूममध्ये तर दोनदा!

*

सुमनआक्कांना वाटलं, गावच असलं. "माझ्या म्हायेरला चला. आमच्या वडगावात कोण काय म्हणत न्हाय." मग एका रविवारी सकाळी एसटीनं आम्ही बेळगावला.

त्यांच्या गल्लीत लांबच्या लांब ताणा लावलेला. साडीसाठीचे हजारो धागे खळ लावून गल्लीभर ताणून वाळवतात, तो. सुमनआक्कांचे थोरले भाऊ, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. ते म्हणाले, "ताणा निघंपतूर थांबा. मग गल्ली तुमचीच हाय."

आम्हाला कुठला दम? शेजारच्या बोळात जाळी बांधली आणि सुरू झालो. माझी एक फेक चुकली, रिंग कौलावर आपटली आणि थेट ताण्यावर! पन्नासेक धागे तुटले असतील.

मला वाटलं आता इथूनही हाकलतात. अण्णा एक शब्द रागानं बोलले नाहीत. त्यांनी चौघींना ताण्याशेजारी बसवलं, तुटलेली टोकं हातात दिली आणि म्हणाले, "बसा. गाठी मारा."

तीन मास्तरणी आणि एक क्लार्क, दिवस मावळेपर्यंत गाठी मारत बसलो. विमलची बोटं सगळ्यात चपळ. अण्णा तिची गाठ ओढून बघत म्हणाले, "ही शिकल्याली दिसती. बाकीच्या कशापायी शाळंत ठेवल्यात?"

एवढ्या वर्षांत कुणी आम्हाला न्यायानं वागवलं असेल तर त्या अण्णांनी.

*

प्रवासातही पिशवीत जाळी असायचीच. शाळेची सहल कणकुंबीला गेली होती. तिथल्या सरकारी बंगल्यासमोर हिरवंगार मोकळं पटांगण. वॉचमन म्हणाला, "इथं न्हाय. ही जागा साहेबांची हाय."

"साहेब खेळतात?"

"न्हाय. जीप लावत्यात."

"कधी येतात?"

"गेल्या साली आलते."

वर्षातून एकदा येणाऱ्या जीपसाठी ती जागा मोकळी! आम्ही मुलींना घेऊन रस्त्यावर खेळलो.

*

पुढं गुंजीला एका शिक्षिकेच्या लग्नाला गेलो होतो. परतीची गाडी लेट. प्लॅटफॉर्म रिकामा, शेजारी दोन खांब, अंतरही बरोबर. आम्ही जाळी बांधली.

प्लॅटफॉर्मवर तिघे पत्ते कुटत होते, एकजण बाकावर आडवा होऊन घोरत होता. त्यांना कुणी काही बोललं नाही. स्टेशन मास्तर धावत आले ते आमच्याकडंच!

"हे अलाऊड नाही!"

विमल शांतपणे म्हणाली, "कुठल्या नियमानं? पुस्तक दाखवा, सर. आम्ही लगेच जाळी सोडतो."

मास्तर आत गेले. खिडकीतून दिसत होतं, जाडजूड पुस्तक काढून, बोट लावून पान पान वाचत होते. तोवर आमची एक गेम झाली, मग दुसरी. शेवटी घंटा झाली आणि मास्तर घामाघूम होऊन बाहेर आले.

"सापडला का?" हिरेमठ टीचरनी कन्नडमध्ये विचारलं.

"नियम नाही सापडला," ते म्हणाले, "पण गाडी आलीय!"

*

आता राहिलेला एक किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

सगळी दारं बंद झाल्यावर विमलच म्हणाली, "आमच्या वस्तीत चला. समाजमंदिरापुढं जागा आहे. लहान आहे, खडे आहेत, पण कुणी हाकलणार नाही." आम्ही गेलो. वस्तीतल्या बायकांनी सकाळीच झाडून ठेवलं होतं. जाळी बांधायला एका बाजूला लिंबाचं झाड, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब. रोज शाळा सुटली की तिथं जायचं. खेळ झाला की विमलच्या घरी चहा. मी तो चहा रोज घ्यायची, आणि घेते हे घरी, शाळेत सगळ्यांना सांगायची. क्लबवाल्यांच्या नाकावर टिच्चून!

विमलची आई उंबऱ्यात बसून खेळ बघायची. फार बोलायची नाही. एका संध्याकाळी सुमनआक्का खड्यावरून घसरल्या, गुडघा फुटला. विमलच्या आईनं पाणी आणलं, हळद दाबली. मला नेहमीप्रमाणं स्फुरण चढलं. मी जाळीशी उभी राहून बोलायला लागले. एवढं मोठं गाव! शाळेला ग्राऊंड, वखारीला पटांगण, क्लबाला कोर्ट! आणि चार बायकांना पाय टाकायला धड जागा मिळू नये? कुणाची दानत नाही या गावात!

विमलची आई हात पुसत माझ्याकडं बघत राहिली. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "व्हय वो बाई, तुमच्या घरामागं केवढं परडं हाय की! तुमच्या मामंजींचा तंबाखूचा धंदा हुता तवा मी दोन सालं यायची तितं, तंबाखू चाळायला. मागल्या दारानं. आमीच सारवून सारवून गुळगुळीत केल्यालं. एक खडा म्हणून न्हाय. अजून मोकळंच हाय न्हवं?"

हिरेमठ टीचर सुमनआक्कांच्या गुडघ्यावर फडकं बांधत होत्या, त्यांनी मान वर केली नाही.

"मग हितं धोंड्यात कशापायी पडताय? बाईंच्या ध्येनात आलं नसंल," आई विमलला म्हणाली. "तू तरी सांगायचं हुतंस गं."

विमलनं खाली पडलेली रिंग उचलली, पदरानं पुसली.

"त्यास्नी ठावं हाय, आये," ती म्हणाली आणि रिंग माझ्या हातात दिली. "बाई, सर्व्हिस तुमची."