राठोडची उंच सायकल

पंजाबच्या सरहद्दीवर आमची युनिट एका कालव्याच्या काठी होती. मी तेव्हा हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक. गाव हट्टा, तालुका वसमत. ०६०० ला पीटी, ०८०० ला वर्कशॉप, १३०० ला जेवण. जीप, वन टन ट्रक, जनरेटर, जे बंद पडेल ते आमच्याकडे येई. सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं, सैनिक म्हणजे रोज गोळीबार. माझ्या बावीस वर्षांतली निम्मी गाडीखाली उताणं पडण्यात गेली.

टेलिफोनची तार तपासायला लाइन पार्टी असे. ते लोक कालव्याच्या बांधावरून सायकलींवर फिरत. त्यात नाईक देवीदास राठोड होता, सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. उंची सहा फूट दोन इंच. सरकारी सायकलवर बसला की त्याचे गुडघे हँडलला लागत आणि सगळी पार्टी हसे. तोही हसे. आमच्या जिल्ह्याचा तिसरा माणूस त्या युनिटमध्ये नव्हता, त्यामुळे काम संपलं की तो माझ्या शेडमध्ये येऊन बसायचा.

एकदा म्हणाला, "हवालदार सायेब, माझ्या मापाची सायकल बनत न्हाई का?"

"तुझ्या मापाचा उंट मिळंल," मी म्हणालो.

पण गोष्ट डोक्यात बसली. शेडमागे पाच कंडम सायकली पडून होत्या, आणि पडलेलं लोखंड दिसलं की मेकॅनिकचे हात शिवशिवतातच. साहेबांची परवानगी काढली. एका फ्रेमच्या दोन्ही उभ्या नळ्या कापल्या. दुसऱ्या फ्रेमचे तुकडे मध्ये घालून त्या चार-चार बोटं वाढवल्या. आतून बारीक नळी सरकवली, वरून पितळेचा टाका मारला. पुढच्या चिमट्याची दांडी तेवढीच लांब केली. मागचं चाक तिसऱ्या सायकलचं, पॅडल चौथीची. चाकाचा आऊट काढायला, म्हणजे ते न डुलता सरळ फिरवायलाच, दोन दिवस गेले. एकूण एकोणीस दिवस लागले. सायकल दिसायला ओबडधोबड होती, पण राठोड तिच्यावर पहिल्यांदा ताठ बसला आणि पाय पूर्ण लांब करून पॅडल मारत ग्राउंडला तीन चकरा मारून आला. मला फार अभिमान वाटला. तो लपवायला मी त्याला दम भरला.

चाकातले छर्रे मी तीन सायकलींतून वेचून घेतले होते, ते ज्यांत फिरतात ते कपही झिजलेले होते. म्हणून म्हणालो, "पाण्यात घालू नको. छर्रे गंजले तर माझ्या शेडकडं फिरकायचं न्हाई."

"व्हय," तो म्हणाला.

त्यानं ते अक्षरशः पाळलं. डबकं दिसलं की उतरून वळसा घालायचा. पोरं त्याला चिडवत, की राठोडनं सायकल नाही, नवरी आणलीय.

त्या पावसाळ्यात जवळच्या नदीला वरून पाणी आलं. दोन किलोमीटरवर पंप हाऊसला आमची तीन माणसं होती. दुपारी लाइन डेड झाली. १३३० पासून ऑपरेटर सेटवर ओरडत होता. "पंप हाऊस, पंप हाऊस, हाऊ डू यू हिअर मी, ओव्हर." उत्तर नाही. तिकडचा बांध झिरपतोय असा मेसेज कालव्यावरच्या लोकांकडून आला. भिजलेल्या बांधावर जीप नेता येत नव्हती.

सुभेदार साहेब म्हणाले, "राठोड, पंप हाऊस को बोलो, सामान छोड़ो, पीछे हटो. तुरंत."

"ठीक है साहब."

१३५२ ला तो निघाला. मी शेडच्या दारात उभा होतो. खरं सांगतो, मी त्याच्याकडे नाही, चेनकडे बघत होतो. चेन बराबर चालत होती.

निम्म्या वाटेवर बांध खोलगट होता. तिथून गुडघाभर पाणी वाहत होतं. राठोडनं सायकल अलीकडे, कोरड्या जागी, स्टँडवर लावली. पाणी पायी ओलांडलं आणि पुढचा किलोमीटर ओल्या बांधावरून पळत गेला. १४१५ ला पोचला. तिघं लगेच मागच्या उंच टेकाडाकडे निघाले, राठोड शेवटी. १४१९ ला बांध फुटला. तिघं वर होते. राठोडला चार-पाच पावलं कमी पडली. तिसऱ्या दिवशी त्याचं शरीर सापडलं.

सायकल ढकलत पाण्यातून नेली असती, तर पुढं चार मिनिटं वाचली असती. हा हिशोब मी त्याच दिवशी केला आणि नंतर रोज केला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मला बोलावलं. टाका तुटला होता का? नाही, सर. ब्रेक, चेन? ठीक होती, सर. सायकल अलीकडे का राहिली, हे कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रिटायर झाल्यावर मी सेनगावहून जीपनं त्या तांड्यावर गेलो. राठोडचे वडील, तुळशीराम काका, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मी सगळं सांगितलं. मी काय बजावलं होतं, तेही सांगितलं. काकांनी हातातल्या शेंगा सोलून संपवल्या.

"तुमच्या सांगण्यानं न्हाई ठेवली त्यानं सायकल," ते म्हणाले. "आमचे आजे-पणजे बैलांवर मीठ लादून मुलूख फिरायचे. अनोळखी पाण्यात बैल घालायचा न्हाई. आधी माणसानं उतरून पाणी बघायचं. त्याला म्या तेच शिकवलं. बैल काय अन् सायकल काय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कदाचित माझी तकलीफ कमी व्हावी म्हणूनही ते तसं म्हणाले असतील. मी म्हणालो, "म्हंजे त्यानं बराबरच केलं."

"न्हाई. पाणी चढून राहिलं तर माघारी यायचं, हे बी शिकवलं व्हतं." त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "काहून आला न्हाई माघारी? ते तुमी मिल्ट्रीवाले सांगा."

"पलीकडं तीन माणसं होती, काका."

त्यांनी सोललेले दाणे एका बाजूला सारले. मग त्या तिघांची नावं विचारली. मी सांगितली. त्यांनी एकेक नाव हळू परत म्हटलं.

"लेकरंबाळं हायत का त्यायला?"

"हायत. तिघांलाबी."

"मग चांगलं झालं," ते म्हणाले.

देवीदासचं लग्न त्या पुराच्या सालीच ठरलेलं होतं. तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.