अक्षीच्या पुळणीवर उतरलेलं डिझेलचं विमान

"नारळ पंख्यावर नको! काका, पंख्यावर नको!"

अक्षीच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) एक वैमानिक बाई एवढ्या जोरात ओरडली की पार कुलाबा किल्ल्यावरच्या घारी उडाल्या. समोर नारळ उगारून दत्ताराम नाखवा (बोटीचा धनी). दोघांच्या मधे एक चिमुकलं, दोन माणसांचं विमान.

मी आपला सुट्टीवर निघालेला माणूस. सकाळी मांडव्याला रो-रो बोटीतून उतरलो, अलिबागेत दोन प्लेट मिसळ हाणली आणि अक्षीला पोचतोय, तोच हे विमान मुकाट तरंगत आलं आणि ओहोटीच्या टणक वाळूवर टेकलं. इंजीन हवेतच बंद पडलं होतं. त्या वैमानिक बाई, रेवतीबाई, उतरल्या त्या हाच प्रश्न घेऊन : "भरती कधी?"

"आता लागंल. दोन तासांत हितं कमरेएवढा पानी," नाखवा म्हणाला.

हे विमान रेवतीबाईंनी वडिलांबरोबर सहा वर्षं खपून बांधलेलं. वडील आता नाहीत. विमान न्यायला ट्रेलर पुण्याहून निघाला होता. तो येईतो विमानात बोंबील नांदले असते.

नाखव्यानं हाक मारली, कोळीवाडा धावला. मी चाळीस माणसं मोजली, घरी चारशे सांगणार आहे. 'हैया हो' करत त्यांनी विमान वर ढकललं, पण मऊ वाळूत चाकं रुतली. जागच्या जागी त्यांनी ते गर्रकन फिरवून पंखा दर्याकडे केला. का? तर बोटीचा पंखा मागं असतो! मग शेपटीलाच पुढची बाजू समजून हळदकुंकू वाहिलं. नारळ तेवढा, इंजिनाला मान म्हणून, पंख्यावर फुटणार होता.

"पंखा पुढंच असतो, काका. तो ओढतो."

"बैलावानी?"

"बैलासारखाच."

नारळ दगडावर फुटला. खोबरं वाटलं, सोबत कुणीतरी तांदळाची भाकरी आणि सुकट आणली. तेवढ्यात लाटेनं माझी एक चप्पल नेली. ती एव्हाना मस्कतला असेल.

रेवतीबाईंनी इंजिनाचं झाकण उघडलं आणि मी आ वासला. इंजीन केवढं? जेमतेम माझ्या आत्याच्या लोखंडी ट्रंकेएवढं! आणि पितं काय? साधं डिझेल, तेही इतकं बेतानं की रो-रोच्या टाकीच्या तळाशी उरलेल्या थेंबांवर गोव्याला जाऊन, सोलकढी पिऊन परत यावं.

"डिझेल?" नाखव्याचे डोळे लकाकले. "मंग ह्यो आमचाच."

त्यानं इंजिनाच्या डिझेल-गाळणीची वाटी सोडून बाटलीत ओतली. वर पिवळं डिझेल, खाली बोटभर पाणी; इंजीन त्यानंच बंद पडलेलं. सगळं डिझेल फडक्यातून गाळून पुन्हा भरलं, नळीतली हवा काढली. तोवर लाटांचा फेस चाकांना चाटत होता. रेवतीबाई फोनवर उड्डाणाची परवानगी मागत होत्या, आणि त्यांचा हात वडिलांनी ठोकलेल्या एका रिव्हेटवरून फिरत होता.

परवानगी मिळाली, चावी फिरली. इंजीन खोकलं, गप्प झालं. पुन्हा फिरली, आणि ते गुणगुणू लागलं. देवाशप्पथ, आमच्या घरचा मिक्सर याहून जास्त बोंबलतो! चाळीस जणांनी विमान उचलून ओल्या, टणक पट्टीवर आडवं लावलं. ते पाणी उडवत धावलं, सुटलं, आणि सुरूच्या शेंड्यांवरून चक्कर मारताना एक पंख झुकवून गेलं. मी उरलेली चप्पल काढून हवेत ओवाळली, हे घरी कुणालाच पटणार नाही.

संध्याकाळी मांडव्याच्या गाडीत बसताना मी नाखव्याचे दोन्ही हात धरले. "अहो नाखवा, तुम्ही आज विमान उडवलंत! विमान!"

त्यानं हात सोडवून घेतले.

"पानी व्हता. काढला."