डाव्या सीटवरचं वजन

तारेतला फॉल्ट मला सापडला नाही असं सहसा होत नसे. तीस वर्षं वीज मंडळाच्या नोकरीत मी तेच केलं. डोंगरातल्या पाड्यांपर्यंत गेलेली लाइन कुठे तुटली, कुठे झाडाला टेकली, ते शोधायचं. म्हणून निवृत्तीनंतर, २०१५ मध्ये, लिलावात एक जुनी फोर-व्हील जीप घेतली तेव्हा तिच्या वायरिंगची मला धास्ती नव्हती. किनाऱ्यावरच्या आमच्या चिखले गावातले शेजारी म्हणाले, "हत्ती घेतलात, आता चारा घाला." मी त्यांनाच हसलो.

जीपची बॅटरी डाव्या सीटखाली होती आणि त्या सीटवर माझा जोडीदार बसायचा. गंजाडचा शेतकरी. नोकरीत त्याने माझ्याबरोबर खड्डे खणले, खांब उभे केले, आणि मी सुटल्यावर पंपाच्या आणि वायरिंगच्या खासगी कामांनाही तोच आला. सकाळच्या एसटीने चिखल्याला यायचा, मागे शिडी बांधायचा, की आम्ही तलासरीकडे निघालो. मला 'साहेब' म्हणायचा आणि त्याच दमात 'तू'. मी लग्न केलं नाही. दिवसभरात माझ्याशी बोलणारा माणूस तोच, आणि तोही फार बोलत नसे.

२०१७ च्या पावसाळ्यानंतर तलासरीच्या बाजारात जीप अडली. तो अजून मागे शिडी बांधत होता. मी किल्ली फिरवली तर नुसतं 'टक्'. लोक जमले. मी डावी सीट उचलली, तर बॅटरीला खेटून त्याचा कोयता ठेवलेला. त्या लोखंडानेच शॉर्ट झालं असं समजून माझं डोकं फिरलं. भर बाजारात मी त्याला नाही नाही ते बोललो, अडाणी म्हणालो. तो वाकून बॅटरीखाली बोट दाखवत काही सांगू लागला, तर मी ओरडलो, "तू मला वायरिंग शिकवणार?" त्याने कोयता उचलला, कमरेच्या आकडीत अडकवला आणि चालू लागला. दुसऱ्या दिवशी एसटीतून तो उतरला नाही. तिसऱ्या दिवशीही मी फाट्यावर जाऊन पाहून आलो.

कोयता गेला, फॉल्ट राहिला. सकाळी अंगणात किल्ली फिरवली की 'टक्'. मीटर लावून बॅटरी तपासावी तर भरलेली. सेल्फ बदलला, किल्लीचा स्विच बदलला, अर्धं वायरिंग नवं ओढलं. गंमत अशी की तपासायला सीट उचलून वाकलो आणि तिथूनच हात लांबवून किल्ली फिरवली की गाडी लगेच सुरू व्हायची. नंतर सरळ होऊन आपल्या जागी बसलो की पुन्हा मुकी. हायवेवरच्या मेकॅनिकला दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा तो शेजारी बसला आणि जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. "काका, गाडीला काही झालेलं नाय," तो हसत म्हणाला. "तुम्हीच जरा माणसांत या."

मी त्याला चहा न देताच वाटेला लावलं. पण त्याचं बोलणं मला लागलं होतं. त्या महिन्यांत आठवडा आठवडा मी कुणाशी धड बोलत नव्हतो. मीटरशी बोलायचो.

उलगडा केला तो एका मासळीवाल्या बाईने. एका सकाळी चारजणांनी ढकलून दिलेली जीप नाक्यावर बंद पडली आणि काही केल्या सुरू होईना. डहाणूला जायचं म्हणून ती टोपली घेऊन खुशाल डाव्या सीटवर येऊन बसली. मी वैतागून किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू. डहाणूत ती उतरली, मी मुद्दाम गाडी बंद करून पुन्हा किल्ली फिरवली. 'टक्'.

पुन्हा धक्का मारून घेऊन गाडी घरी आणल्यावर मी त्या सीटवर तांदळाची गोणी ठेवून पाहिली. सुरू. गोणी काढली, बंद. मग पोटावर झोपून बॅटरीखाली पाहिलं. अर्थिंगची पट्टी जिथे पत्र्याला बसते, तिथला बोल्ट खाऱ्या हवेने खाल्ला होता आणि ढिला झाला होता. सीटवर माणूस बसला की वजनाने पट्टी पत्र्याला टेकायची. तपासायला मी वाकायचो तेव्हा माझा गुडघा नेमका तिच्यावर असायचा. दोन वर्षं ती गाडी माझ्या हुशारीवर नाही, त्याच्या वजनावर सुरू होत होती. आणि मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

पाच मिनिटांचं काम होतं. पाना हातात घेतला आणि खाली ठेवला. मला त्याच्याकडे जायचं होतं, आणि 'चुकलं' म्हणायला जीभ उचलत नव्हती. म्हटलं, गाडीच सांगेल. तुझ्यावाचून ती सुरू होत नाही, हे त्याने स्वतः बघावं आणि पूर्वीसारखं येऊन बसावं. गोणी सीटवर ठेवून मी गंजाडला गेलो.

तो कुंपणाच्या काट्या बांधत होता. मी गोणी उतरवून त्याच्या ओट्यावर ठेवली. तो म्हणाला, "भात तर माझ्याच शेतात पिकतो." मी किल्ली फिरवून दाखवली. "बघ, सुरूच होत नाही. जरा बस."

तो बसला नाही. सीट उचलून आत पाहिलं आणि पान्यासाठी हात पुढे केला. बोल्ट काढला, कोयत्याच्या टोकाने गंज खरवडला, पुन्हा बसवून आवळला.

"बाजारात हेच सांगत होतो," तो म्हणाला. "तू आयकला नाय."

"माझं चुकलं," मी म्हणालो. शेवटी म्हणालोच.

"असू दे. मार किल्ली."

जीप पहिल्या झटक्यात सुरू झाली. शेजारची सीट रिकामी होती.

"चल, विवळवेढ्याला चहा पिऊन येऊ."

"काट्या बांधायच्यात." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. "आता एकटा गेलास तरी चालल."

ओट्यावरची गोणी त्यानेच उचलली आणि डाव्या सीटवर नीट टेकवून ठेवली.

ती जीप माझ्याकडे २०१९ पर्यंत होती. त्यानंतर ती एकदाही अडली नाही. रोज सकाळी किल्ली फिरवताना वाटायचं, आज अडावी.