ट्रॅक्टरमधला पेन ड्राइव्ह
द्राक्षांवर मारायच्या गंधकाच्या पुडीचा वास आला की निफाडच्या आमच्या द्राक्षबागेतली ती सकाळ आठवते. दुपारी नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि लॅपटॉप सुरूच होईना. ऑपरेटिंग सिस्टीम नव्यानं टाकावी लागणार होती; ती डाउनलोड करूनच मिळत होती आणि त्यासाठी पेन ड्राइव्ह हवा होता. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, ट्रॅक्टरच्या टेपचा पेन ड्राइव्ह घेतला, त्यात गाणीच असतील असं धरून पुसला आणि मित्राकडून सिस्टीम त्यावर उतरवून आणली. लॅपटॉप सुरू झाल्यावर आबा म्हणाले, "दे आता. तुझं कॉलेजातलं भाषण हाय त्यात, रोज ऐकतो." मी म्हणालो, "आबा, पुसलं ते." "जाऊ दे, पाठ हाय मला," म्हणत त्यांनी माझ्याच सुरात सुरुवात केली. त्यात शिपायांपर्यंत सगळ्यांचे आभार होते, आबांचे नव्हते. नोकरी लागली, पण ते भाषण मला अजून त्यांच्याच आवाजात ऐकू येतं.