लिहून उठवलेले कॉम्प्युटर

ही वही चुकून कोणाच्या हाती लागलीच, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि वाकडं अक्षर पोटात घालावं. माझी शाळा चौथीतच सुटली. चार माणसांत बोलायला मला आजही जमत नाही, म्हणून लिहिते.

कॉलेज संपल्यावर माझी मुलगी फुलसावंगीला घरीच बसून एक काम शिकत होती. दूर कुठल्यातरी मोठ्या इमारतींत कॉम्प्युटर असतात, ते भाड्याने मिळतात. किती हवेत, केवढे हवेत, हे ती एका फाइलमध्ये लिहायची. एक प्रोग्राम ते वाचून तिकडे तसेच कॉम्प्युटर चालू करायचा.

"हा प्रोग्राम कितीले घेतला व?"

"फुकट हाय, माय. जगातल्या लोकायनं मिळून लिहिला. कोणीबी उघडून आतलं वाचू शकते, सुधारू शकते."

"फुकट कायले देतात?"

"तू लोणच्याचं माप साऱ्या गल्लीले सांगते. त्याचे पैसे घेते का?"

तरी मला बघावंसं वाटत होतं. तिने माझं बोट धरून फाइलमधला एक पुसायला आणि दोन लिहायला लावलं. जरा वेळाने पडद्यावर हिरवी ओळ आली. म्हणजे कुठेतरी दुसरा कॉम्प्युटर उठला होता. कोणत्या गावात? तिथे आता ऊन असेल का? मी विचारत राहिले. "मले तरी काय माहीत!" म्हणून ती हसली.

प्रोग्राम फुकट असला, तरी कॉम्प्युटरच्या भाड्यासाठी कार्ड लागायचं. माझ्या भासऱ्यांचं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाचं, ढाणकीला दुकान आहे, त्यांनी त्यांचं दिलं होतं. थोडं वापरलं तर पैसे कटत नाहीत, असं मुलीने त्यांना सांगितलेलं.

मग लॅपटॉप भरला म्हणून तिने त्या कामाचा अख्खा फोल्डर पुसून टाकला. पुढच्या महिन्यात भासरे गाडी घेऊन दारात आले. कार्डातून अकरा हजार सातशे गेले होते.

"लिहिलं का कॉम्प्युटर उगवते म्हणे! आता लिहून पैसे उगव," ते मुलीला म्हणाले.

"मोठेबाबा, म्या तर समदं पुसलं होतं."

"मंग पैसे कोणं खाल्ले? पैसे द्या, नाहीतर तो लॅपटॉप विका."

मुलीचे बाबा शेतावर होते. मी दाराआड पदर धरून उभी होते. लॅपटॉप गेला तर तिचं शिकणं तिथेच थांबणार होतं.

आमच्या बचत गटाची भांडी लग्नाला भाड्याने जातात, त्यांची वही मी ठेवते. एकदा ती भिजून गेली. आम्ही बायका घरोघर फिरलो, बुडाशी तीन ठिपक्यांची खूण बघून आपले गंज, म्हणजे मोठी पातेली, आणि आपल्या पराती ओळखल्या. आधी नव्या वहीत लिहायचं, मगच उचलायचं, असं ठरलं होतं.

मी आतूनच मुलीला विचारलं, "वही गेली तर गंज आपसूक घरी येतात का व?"

तिने वळून माझ्याकडे बघितलं. मग कपाळावर हात मारला. "माय, कोणते कॉम्प्युटर आपले, हे प्रोग्राम ज्या फाइलीत लिहून ठेवते, तेच म्या पुसली! कॉम्प्युटर तिकडं चालूच हायेत."

तिने कंपनीचं पान उघडलं. दोन्ही कॉम्प्युटर तिथे होते, दुसरा माझ्या बोटाने उठलेला. चालू करतानाच प्रत्येकावर तिने आपल्या नावाची चिठ्ठी लावली होती. ती लगेच बंद करायला निघाली.

"आधी वहीत घे," मी म्हटलं. "एखादं राहून जाईल."

चिठ्ठ्या बघत एकेक वस्तू ती प्रोग्रामच्या नव्या यादीत घालू लागली, तेव्हा तिसरी सापडली. माहिती साठवायची जागा, तिचंही भाडं चढत होतं. मग तिने एकच हुकूम दिला आणि यादीतल्या तिन्ही वस्तू बंद झाल्या. असं एका हुकमाने गंज परत आले असते तर!

"बंद केले, पण गेलेले पैसे?" भासरे म्हणाले.

मी बाहेर आले. "चार महिन्यांत फेडीन. लॅपटॉप नाही विकत."

लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. मुलीने दिलेल्या चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. "बोलता येते होय तुमाले!"

भांडी पोचवायची, घासून आणायची मजुरी मला मिळायची. मुलगी एका दुकानात लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायला बसू लागली, आणि घरी आली की तिचं शिकणं चालूच राहिलं. दर महिन्याला एक हप्ता ढाणकीला गेला.

चौथ्या महिन्यात आम्ही दोघी शेवटचा हप्ता घेऊन बसने गेलो. भासऱ्यांनी नोटा दोनदा मोजल्या, गल्ल्यात टाकल्या आणि म्हणाले, "पुरे झाले." अकरा हजार सातशे, पूर्ण.